दोरीवर दुधाच्या पिशव्या

हळदोण्यातली बरीच घरं मला आतून ठाऊक आहेत,
एकाही घरात बसून चहा घेतलेला नाही तरी.
मंगळवारी आणि शुक्रवारी पंचायतीची रिक्षा
फुटबॉलच्या मैदानामागच्या शेडमध्ये गोण्या ओतते
आणि मी, अर्सुला, आणि नव्याने आलेली होन्नव्वा
पाटावर बसून गाव वाचतो.

कोणाकडे पाहुणे येऊन गेले,
कोणाच्या गोळ्या वाढल्या,
कोणी दारू सोडली म्हणून सांगितलं आणि सोडली नाही.
निवृत्त हेडमास्तर कोरड्या कचऱ्यात
सुंगटांची सालं घालतात, वर्तमानपत्राच्या
नेमक्या अग्रलेखात गुंडाळून.
आणि दुधाच्या पिशवीत राहिलेल्या चार थेंबांचं
तीन दिवसांत काय होतं
ते लिहीत नाही. तुम्ही जेवत असाल.

चवथ होऊन गेली होती.
एका गोणीतून अकरा पिशव्या निघाल्या,
धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या.
कोपरा कापलेला, पण तुकडा सुटा केलेला नाही,
पिशवीलाच धरून.
(तो चिमुकला तुकडा आम्हाला कधीच सापडत नाही.
तो आधी गटारात जातो, मग मानशीत, मग खाजनात.)
खाली एक पुडा, सुतळीने बांधलेला.
वर निळ्या पेनाने, हात थरथरत लिहिलेलं:
कांच. सांबाळून.

माझ्या उजव्या अंगठ्यावर
फेणीच्या बाटलीचे चार टाके आहेत.

अर्सुला म्हणाली, हें कोण गे?
होन्नव्वाला अक्षरं येत नाहीत,
तिला वाचून दाखवलं.
तिने पुन्हा वाचायला लावलं.

मी म्हटलं, दोना क्लाऊदिनाचं घर असणार,
तिथे अजून फरशीला मेण लावतात.
अर्सुलाने बँकेतल्या प्रभुदेसायांवर पैज लावली,
एक ऑम्लेट-पाव.
आम्ही दोघीही हरलो.

सायकल पंक्चर झाली म्हणून
खालच्या वाड्यातून चालत निघाले होते त्या दुपारी.
इनासाच्या तावेर्नामागे दोरी,
दोरीवर दोन मोजे, एक बनियन,
आणि चिमट्यांना लटकून पाच पिशव्या
वाऱ्यावर वाजत होत्या.
इनास, ज्याला गाव म्हणतं
की दुकानातला अर्धा माल हाच संपवतो,
सोप्यावर बसून सहावी धूत होता.

नळाखाली नाही हं, तो म्हणाला,
मी काही विचारलं नव्हतं तरी.
भांड्यांचं शेवटचं पाणी आहे,
ह्याच्यानंतर ते वांग्यांना.
मग जरा थांबून:
माझ्या बाटल्या येतात ना तुमच्याकडे खूप.
फुटतात काही. कोणाला लागत नाही ना?

मी अंगठा मुठीत घेतला.
नाही, म्हटलं.
पोदेराचा भोंपू वाजला, तो उठून
खिळ्यावरची कापडी पिशवी घेऊन गेला,
आणि मी तिथेच उभी,
दुसऱ्याच्या परसात, उगीच.

घरी आले.
मोरीच्या कट्ट्यावर सकाळची पिशवी पडलेली,
उघडी, आंबट, मुंग्या लागलेली.
आमच्या घरात एकच बादली आहे.
गावाचं चौदा प्रकारांत निवडून येते मी,
आणि घरचं सगळं त्या एका बादलीत.
हे अर्सुलालासुद्धा सांगितलेलं नाही.

धुतली. तांदूळ धुतलेल्या पाण्यात.
नवरा म्हणाला, धंदा घरी आणलास?
त्याच्या शर्टाशेजारीच लटकवली,
रात्रभर टपटपत होती.

दुसऱ्या दिवशी विसरले.
त्याच्या पुढच्या दिवशी आठवली, पण कोपरा
सवयीने तोडूनच टाकला होता,
तो शोधायला वाकले तर कंबर धरली.

शेडमध्ये अजून हातमोजे घालूनच
गोण्या उघडतो आम्ही.
एकीची गाठ ओळखू येते,
जाळी विणणाऱ्याची असते तशी, ओढली की सुटणारी.
ती आली की होन्नव्वा
एका हाताचा मोजा काढते.